गळाच्या होडीस यंत्र कोणतें घ्यावें ?

समुद्रकांठच्या तालुक्यांत असे पुष्कळ खातेदार आहेत कीं, ज्यांचा पावसाळा भातखाचरांत जातो, बाकीचे दिवस नारळीपोफळीच्या वाडींत जातात, आणि तरीहि ज्यांच्या घरचा कांहीं पैसा दर्यावर फिरत असतो. कोणाची स्वतःची लहानशी होडी असते, तर कोणी शेजारच्या गाबीत किंवा कोळी बांधवाबरोबर भागींत होडी ठेवतो. महाराष्ट्र शासनानें सन २०२५ मध्यें मत्स्यव्यवसायास शेतीसारखाच दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हां शेतकऱ्यांच्या मासिकांत होडीच्या यंत्राचा विचार करणें अप्रस्तुत होईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

यंत्र घेण्याचा प्रसंग आला म्हणजे बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती अश्वशक्तीचें घ्यावें ?" आणि दुसरा, "केवढ्याला पडेल ?" हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण ते आधीं विचारण्याचे नव्हेत. गळाच्या होडीचें यंत्र दिवसाचे बहुतेक तास मंद गतीनें चालावयाचें असतें, आणि त्या मंद तासांत तें किती तेल पितें, किती सुरळीत चालतें व किती टिकतें, यावर धंद्याचा नफातोटा ठरतो. यंत्राची किंमत एकदां द्यावी लागते. इंधनाची किंमत रोज पहांटे द्यावी लागते. हें ध्यानांत ठेवून पुढील विवेचन वाचावें, अशी वाचकांस विनंती आहे.

गळ ओढण्याचें काम

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ट्रॉलर ज्या कामास लावतात तें तळाशीं जाळें फरफटत नेण्याचें काम निराळें, आणि ज्यास ट्रोलिंग म्हणतात तें निराळें. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागें आमिष लावलेले दोर सोडून गळ ओढीत नेणें. आमिष पळत्या लहान मासळीसारखें दिसतें आणि सुरमई, कुपा यांसारखे वेगानें शिकार करणारे मासे त्यावर झडप घालतात. या कामास जाळ्याचा मोठा भांडवली खर्च नाहीं, माणसें दोनतीन पुरतात, आणि मासा एकेक व न चेंगरतां हातीं येत असल्यामुळें त्यास दरहि चांगला मिळतो.

या कामाचा सर्व भार गतीवर आहे. बांगडा किंवा तारली यांसारखी खरी मासळी गळास लावली असेल, तर होडी ताशीं दोन ते चार सागरी मैलांच्या गतीनें चालवावी लागते. त्याहून वेगानें ओढल्यास आमिष गरगरतें व फाटतें. बनावट आमिष असेल तर ताशीं चार ते सहा सागरी मैलांपर्यंत जातां येतें, व कांहीं प्रकारांस त्याहूनहि अधिक गति चालते. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही गति झपाझप चालणाऱ्या किंवा हळू धांवणाऱ्या माणसाइतकीच आहे, हें दिसून येईल. आठ तासांच्या फेरींत जाण्यायेण्याचे दोन तास सोडले, तर उरलेले सहा तास यंत्र याच मंद चालीनें चालतें. म्हणून ज्या यंत्रास हळू चालतां येत नाहीं, तें कितीहि जोरदार असलें तरी या कामास निरुपयोगी होय.

बाहेरच्या यंत्राची रचना

होडीच्या पिछाडीवर बाहेरून अडकवावयाच्या यंत्रास आउटबोर्ड म्हणतात. असें व्यापारी दृष्ट्या यशस्वी झालेलें पहिलें यंत्र अमेरिकेंत स्थायिक झालेले नॉर्वेजियन कारागीर ओल एव्हिनरूड यांनीं सन १९०९ च्या सुमारास बाजारांत आणलें. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, पण ठेवण तीच राहिली आहे. वर इंजिन, त्याखालीं उभा दांडा असलेला पाय, पायाच्या तळाशीं दांतेरी चाकांची पेटी आणि शेवटीं पंखा. सबंध यंत्र फिरवून होडी वळवितां येते, म्हणून निराळें सुकाणू लागत नाहीं.

आपल्या किनाऱ्यास ही रचना फार सोयीची आहे. कोंकणांत सर्वत्र धक्के नाहींत. होड्या वाळूवर ओढून ठेवाव्या लागतात आणि खाडीच्या मुखाशीं भरतीओहोटीप्रमाणें पाणी कमीअधिक होतें. उथळ पाण्यांत पाय वर उचलतां येतो, आणि लहान यंत्र सोडवून रात्रीं घरीं नेतां येतें. आंत कायम बसविलेलें डिझेल इंजिन तेल कमी खातें, हें खरें; पण तें मोठ्या व जड होडीसच शोभतें.

शक्ति किती असावी

गोल किंवा निमुळत्या तळाची जड होडी पाणी बाजूस सारीत चालते. अशा होडीच्या वेगास निसर्गानेंच एक मर्यादा घातलेली आहे. होडीचा जेवढा भाग पाण्यास टेंकतो त्याची लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें आणि त्यास १.३४ नें गुणावें. जी संख्या येईल ती त्या होडीच्या स्वाभाविक वेगाची मर्यादा, ताशीं सागरी मैलांत, समजावी. १६ फुटांस ती सुमारें ५.४, २० फुटांस ६ आणि २५ फुटांस ६.७ इतकी येते. या मर्यादेजवळ होडी आपण उठविलेल्या लाटेच्या खळग्यांत बसते, आणि पुढें दिलेली शक्ति ती लाट चढण्यांतच खर्च होते. चिखलांत रुतलेल्या गाडीस बैलांची दुसरी जोडी जुंपली म्हणून ती दुप्पट वेगानें धांवत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

या मर्यादेच्या आंतहि वेग फुकट मिळत नाहीं. सर्वसाधारण नियम असा कीं, वेग एक पंचमांशानें वाढविला तर शक्ति सुमारें पाऊणपट अधिक लागते. उलट सहा सागरी मैलांऐवजीं पांच मैलांच्या गतीनें गेल्यास ताशीं इंधन सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी लागतें; प्रवासास वेळ थोडा जास्त लागतो हें जमेस धरूनहि त्याच अंतरास सुमारें तीस टक्के बचत होते. दहा मैलांच्या फेरीस यांत वीस मिनिटें अधिक जातात, एवढेंच.

अशा जड होडीस, माणसें, बर्फ, तेल व मासळी धरून जें एकूण वजन होईल, त्याच्या प्रत्येक टनास तीन ते पांच अश्वशक्ति पुरेशी होते. उदाहरणार्थ, वीस फुटी होडी भरल्यावर दोन टन होत असेल, तर आठ ते दहा अश्वशक्तीचें यंत्र तिला योग्य. समोरचा वारा आणि खाडीच्या मुखाचा ओढ यांसाठीं थोडी शक्ति हातीं राखून ठेवणें जरूर आहे, म्हणून अगदीं खालचा आंकडा धरूं नये. पण दोन टनांच्या होडीस पंचवीस अश्वशक्तीचें यंत्र लावणें म्हणजे दोन बिघे जमिनीस मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखें आहे. त्यांत भर अशी कीं, मोठें यंत्र अगदीं मंद केलें तरी होडीस गळाच्या योग्य गतीहून अधिक ओढतें.

सपाट तळाच्या हलक्या फायबरच्या होड्यांची गोष्ट निराळी. त्या पुरेशा शक्तीनें पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत धांवतात, व त्यांस वीस ते चाळीस किंवा अधिक अश्वशक्तीहि लागते. मासळीची जागा दूर असेल तर या वेगाचा उपयोग आहे. पण तेथें गळ ओढण्यासाठीं मोठें यंत्र बंद ठेवून बाजूस चारपांच अश्वशक्तीचें दुसरें लहान यंत्र लावणें फायद्याचें ठरतें. मोठें बिघडल्यास तेंच घरीं घेऊन येतें, हा दुसरा लाभ.

टू-स्ट्रोक कीं फोर-स्ट्रोक ?

टू-स्ट्रोक यंत्रांत दट्ट्याच्या प्रत्येक दोन धांवांत एकदां स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्यें चार धांवांत एकदां. टू-स्ट्रोक यंत्र हलकें, साधें, स्वस्त आणि गांवच्या कारागिरास उघडून दुरुस्त करतां येण्याजोगें असतें. त्याचा दोष असा कीं, जळलेला धूर बाहेर जात असतांनाच नवें मिश्रण आंत येतें, आणि त्यांतील बराच भाग न जळतांच धुराबरोबर निघून जातो. साध्या कार्बुरेटरच्या यंत्रांत तो चतुर्थांशापर्यंत जातो. मंद गतींत हा तोटा विशेष जाणवतो. शिवाय इंधनांत मिसळलेल्या वंगणाची काजळी प्लगवर बसून यंत्र अडखळूं लागतें.

फोर-स्ट्रोक यंत्र त्याच शक्तीस कांहीं किलो जड व महाग असतें, त्याचें वंगण वेळच्या वेळीं बदलावें लागतें, आणि दुरुस्तीस अधिक जाणकार माणूस लागतो. पण तें मंद गतींत शांतपणें, धूर न करतां, तासन् तास चालतें. गळाच्या कामास हाच गुण हवा आहे.

आतां हिशेब पाहूं. दहा अश्वशक्तीचें यंत्र, रोज दोन तास पूर्ण जोर व सहा तास मंद चाल, असें धरूं. पुढील आंकडे अदमासाचे आहेत; होडी व यंत्र यांप्रमाणें ते बदलतील.

फोर-स्ट्रोक : पूर्ण जोरावर ताशीं ३॥ लिटरप्रमाणें ७ लिटर, मंद चालीस ताशीं १ लिटरप्रमाणें ६ लिटर, एकूण १३ लिटर.

टू-स्ट्रोक : पूर्ण जोरावर ताशीं ४॥। लिटरप्रमाणें ९॥ लिटर, मंद चालीस ताशीं १॥। लिटरप्रमाणें १०॥ लिटर. एकूण २० लिटर.

रोजचा फरक सात लिटरांचा. लिटरास १०० रुपये धरले तर ७०० रुपये, आणि वर्षांतून १२० दिवस होडी दर्यावर गेली तर ८४,००० रुपये. टू-स्ट्रोकमध्यें पन्नास भागांस एक भाग या प्रमाणानें मिसळावयाचें वंगण यांत धरलेलें नाहीं. दुकानदाराकडून दोन्ही यंत्रांच्या किंमती घेऊन त्यांतील फरक या रकमेशीं ताडून पाहावा. किती दिवसांत तो भरून येतो हें ज्याचें त्यासच कळेल. मात्र ज्याची होडी वर्षांतून तीसचाळीस दिवसच निघते, किंवा ज्याच्या आसपास फोर-स्ट्रोक जाणणारा कारागीर नाहीं, त्यानें साध्या यंत्रावर समाधान मानण्यांत कांहीं गैर नाहीं.

रॉकेलवर चालणाऱ्या यंत्रांविषयीं दोन शब्द. तीं पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घालावयाचीं असतात, आणि बंद करण्यापूर्वीं पुन्हां पेट्रोलवर आणावीं लागतात. मंद चालींत इंजिन थंड पडतें, रॉकेलची वाफ नीट होत नाहीं, आणि प्लग काळे होतात. म्हणजे जें काम गळाच्या होडीस सर्वांत जास्त करावयाचें, तेंच या यंत्रास सर्वांत कमी मानवतें. शिवाय सवलतीच्या तेलाच्या भरंवशावर घेतलेलें यंत्र सवलत आटली कीं अंगावर पडतें.

पंखा आणि दांतेरी पेटी

दोन सारख्या शक्तीच्या यंत्रांत काम कमीअधिक होण्याचें कारण पुष्कळदां पंखा हेंच असतें. पंख्यावर दोन मापें असतात : एक व्यास, दुसरें पीच. पीच म्हणजे पंखा एका फेऱ्यांत, मळसूत्राप्रमाणें, सिद्धांततः जितके इंच पुढें सरेल तें अंतर. हलक्या धांवत्या होडीस मोठें पीच लागतें. जड होडीस मोठा व्यास व लहान पीच लागतें. दुकानांतून यंत्राबरोबर येणारा पंखा बहुधा हलक्या होडीच्या मापाचा असतो. तो जड होडीस लावणें म्हणजे चढावर मोटार वरच्या गिअरमध्यें चालविणें होय. यंत्र गुदमरतें, तापतें व लवकर झिजतें.

याची परीक्षा सोपी आहे. होडी नेहमींच्या वजनानें भरावी, पूर्ण जोर द्यावा आणि यंत्राचे मिनिटास फेरे मोजावे. ते कारखानदाराच्या पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादेंत आले पाहिजेत. कित्येक फोर-स्ट्रोक यंत्रांत ती ५,००० ते ६,००० फेऱ्यांची असते. फेरे कमी भरले तर लहान पीचचा पंखा घ्यावा. पीच एक इंच कमी केल्यानें सुमारें १५० ते २०० फेरे वाढतात. लहान पीचनें होडी मंद चालींतहि अधिक हळू जाते, हा गळाच्या कामास मिळणारा आणखी एक फायदा. कांहीं कंपन्या जड होड्यांसाठीं अधिक घट दिलेल्या दांतेरी पेटीचीं यंत्रें करतात. तीं मिळत असल्यास आधीं त्यांचा विचार करावा.

पायाची लांबी

पाय बहुधा तीन लांबींत मिळतो : १५, २० आणि २५ इंच. पिछाडीच्या ज्या फळीवर यंत्र बसावयाचें, तिच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत उभें माप घ्यावें आणि त्या मापाच्या जवळचा पाय निवडावा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेंत, किंवा फार तर इंचभर खालीं, यावी. पाय आंखूड असला तर लाटेवर पिछाडी उचलली जातांच पंखा हवा ओढतो, यंत्र एकदम भणाणतें व ओढ नाहींशी होते. खाडीच्या मुखाशीं, लाटा फुटत असतांना, असें होणें जिवावर बेतूं शकतें. पाय फार लांब असला तर तो पाण्यास अडतो व तेल फुकट जातें. दोन्ही टोंकें निमुळतीं असलेल्या जुन्या घाटाच्या होडीस बाजूला चौकट ठोकून यंत्र लावतात. तेथें चौकटीची उंची ठरवून मगच पायाचें माप घ्यावें.

इंधन आणि निगा

आतां एक नवी गोष्ट. ऊस व धान्य यांपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळण्याचें प्रमाण आपल्या देशांत सन २०२५ मध्यें २० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. ऊस लावणाऱ्या आमच्या बांधवांस ही आनंदाची वार्ता आहे. पण होडीवाल्यानें तिची दुसरी बाजूहि जाणली पाहिजे. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. दर्यावरच्या दमट हवेंत टाकींत बरेच दिवस राहिलेल्या मिश्रणांतून पाणी व इथेनॉल वेगळें होऊन तळाशीं बसतें, आणि तेंच प्रथम यंत्रांत जातें. कित्येक यंत्रांच्या पुस्तिकेंत १० टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाची परवानगी असते. म्हणून घेण्यापूर्वीं हें कलम वाचून विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा, टाकी व यंत्र यांच्यामध्यें पाणी वेगळें करणारी गाळणी बसवावी, आणि पेट्रोल लागेल तेवढेंच ताजें भरावें.

बाकीची निगा थोडक्यांत अशी. रोज परतल्यावर यंत्रांतून गोडें पाणी फिरवावें. मीठ आंत सुकलें कीं थंड पाण्याच्या वाटा बंद होतात. चालत्या यंत्राच्या बाजूनें बारीक पाण्याची धार पडत असते, ती थांबतांच यंत्र बंद करावें. पायास लावलेला जस्ताचा किंवा तशाच धातूचा तुकडा स्वतः झिजून यंत्रास वांचवितो. तो निम्मा झिजला कीं बदलावा, त्यास रंग कधीं लावूं नये. दांतेरी पेटींतील तेल दुधासारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें. पंख्यामागें गळाचा दोर गुरफटला तर तो सगळा सोडवून पाहावा. बारीक दोर आंतील सीळ कापतो व पेटींत पाणी जातें. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांस मासेमारी बंद असते. नांगर जसा पेरणीनंतर साफ करून ठेवतों, तसें हें यंत्र त्या दिवसांत उघडून, टाकी रिकामी करून, पाणी फेंकणारें रबरी चाक बदलून ठेवावें.

सौदा करितांना

यंत्राच्या नांवापेक्षां त्याचे सुटे भाग जवळच्या बंदरांत मिळतात किंवा नाहीं, याची चौकशी आधीं करावी. ऐन सुरमईच्या दिवसांत एका रबरी चाकासाठीं आठ दिवस होडी वाळूवर पडली, तर वर्षाचा नफा तेथेंच बुडतो. आपल्याच होडीवर, आपल्याच वजनानें, चांचणी घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊं नयेत. आणि त्या चांचणींत धांव पाहण्यापेक्षां अर्धा तास मंद चाल पाहावी. कर्ज काढून यंत्र घ्यावयाचें असेल, तर शासनाची कांहीं मदत मिळते कीं काय, हें जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयांत आधीं विचारावें. होडीची नोंदणी व परवाना यांवर नव्या यंत्राची नोंद करून घ्यावी.

वल्हीं, शक्य तर लहानसें शीड, प्रत्येक माणसास तरंगतें जाकीट, आणि चालवणारा पाण्यांत पडल्यास यंत्र आपोआप बंद करणारी मनगटाची दोरी, या वस्तु यंत्राबरोबरच घेतल्या पाहिजेत. यंत्र कितीहि चांगलें असलें तरी तें केव्हां तरी बंद पडणारच. त्या वेळीं होडींतील माणसें घरीं परत आलीं पाहिजेत.

बैल घेतांना शेतकरी त्याची शर्यतींतील धांव पाहत नाहीं. दिवसभर नांगरास कसा टिकतो आणि किती वैरण खातो, हें पाहतो. यंत्र घेतांनाहि हीच दृष्टि ठेवावी. होडीचें वजन, पिछाडीचें माप आणि रोजचे मंद तास हे तीन आंकडे कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी, एवढीच आमची सूचना आहे.